गाडीचं अर्थिंग गंजलं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा सेल्फ बसेनासा झाला. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. बॅटरी जेमतेम चार महिन्यांची. गॅरेजमध्ये आधी बॅटरी चार्ज करून दिली, मग सेल्फ उतरवून कार्बन बदलले. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. शेवटी आमच्या गल्लीतल्या वायरिंगवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनाला, आणि म्हणाले, "मार आता." पहिल्या झटक्यात गाडी सुरू!

दोष होता इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या तांब्याच्या वेणीत. वरून धडधाकट दिसत होती. सोडवली तर लगखालचा (म्हणजे टोकाला बोल्टने आवळतात त्या धातूच्या कडीखालचा) पत्रा गंजून तपकिरी झालेला, आणि वेणी चिमटीत धरून जरा वाकवली तर हिरवी पूड तळहातावर पडली.

आपल्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं. हॉर्न असो, दिवा असो, सेल्फ असो, प्रत्येकाचा करंट बॉडीतूनच परत बॅटरीकडे जातो. ही परतीची वाट म्हणजेच अर्थिंग. तरी शोध घेताना सगळे प्लसची वायर तपासतात, फ्यूज बघतात आणि अर्थिंग शेवटी राहतं. तोवर चांगले पार्ट बदलून झालेले असतात. याची मला मनापासून चीड येते, म्हणून हा धागा. कशावरून ओळखलंत, नेमकं कुठे गंजलं होतं आणि दुरुस्ती किती टिकली, तेवढं जरूर लिहा.

मालवणहून

आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गंज पाचवीलाच पुजलेला. माझा डावा हेडलाइट पिवळट पडला होता. दोन बल्ब बदलून झाले. मग दिवा चालू ठेवून मोजलं. बॅटरीवर 12.4 व्होल्ट, बल्बपाशी जेमतेम साडेदहा. मल्टिमीटरची एक पिन बल्बच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर तिथेच 1.6 व्होल्ट! ही दोन टोकं म्हणजे एकच वायर समजायची, तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं.

स्क्रू काढून पॉलिश पेपर मारला, पण फरक थोडाच पडला. मग वायर सोलली. आतलं तांबं काळं. चार बोटं कापली, तरी काळंच. वीतभर मागे गेल्यावर कुठे लालसर, चकचकीत तार दिसली. खारा ओलावा इन्सुलेशनच्या आतून तारेतारेने वर चढतो. काळ्या तांब्याला सोल्डरही धरत नाही. तेवढा तुकडा कापून नवीन वायर जोडली, नवा लग दाबून बसवला. तीन पावसाळे झाले, दिवा लख्ख आहे.

ठाण्याहून

आमच्याकडे ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटायचा. मागच्या दिव्यांची सामाईक अर्थ वायर डिकीत गळणाऱ्या पाण्याने गंजली होती. अर्थ मिळाली नाही की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. एक दिवा लावल्यावर दुसराच उजळला तर थेट अर्थ बघा.

सांगलीहून

धागाकर्ते, तुमची वेणी वेळेवर सापडली. आमच्या जुन्या गाडीत ती पार तुटली होती आणि तरी सेल्फ बसत होता! क्लच मात्र दिवसेंदिवस जड होत चालला. केबल बदलली, दोन महिन्यांत नवीही जड. दुसऱ्यांदा काढली तेव्हा आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून चिकटलेलं दिसलं. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढतो, तो सगळा इंजिनातून बॉडीत जायला या केबलचा रस्ता धरत होता. सेल्फ मारल्यावर क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली, तर केबलला दोष देऊ नका.

मुंबई, कलिनाहून

26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमची गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. इंजिन, तेल, सीट सगळं साफ करून घेतलं आणि सुटलो असं वाटलं. दिवाळीनंतर डॅशबोर्डवरच्या मीटरचे काटे नाचायला लागले, खिडक्या मध्येच थांबायला लागल्या. कार्पेट उचललं तर दाराच्या उंबऱ्याजवळचा अर्थचा बोल्ट हिरव्या खपल्यांनी भरलेला. पुरातल्या गाडीचं कार्पेट उचलल्याशिवाय काम झालं म्हणू नका.

टोरांटोहून

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मालवणकरांचं दुखणं आमचंही. एक सांगावंसं वाटतं: ओहमवर मोजून फसू नका. वेणीतली एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्य दाखवतो, पण सेल्फचा भार तिला पेलत नाही. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आसपास ठीक, अर्धा व्होल्ट म्हणजे अर्थिंग गेलं. माझ्या गाडीत 0.9 होता, वेणी बदलल्यावर 0.1.

नाशिकहून

आज रविवार, मी बघायला घेते आहे. पुन्हा गंज धरू नये म्हणून व्हॅसलिन लावतात ना, ते घासण्याआधी लावायचं की नंतर? आणि आधी कुठलं टर्मिनल काढू?

धागाकर्ता

ताई, आधी निगेटिव्ह काढा, जोडताना ते शेवटी जोडा. प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो. टर्मिनलवर पांढरी-निळसर पूड असेल तर हातमोजे घालून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग लग आणि त्याखालचा पत्रा, दोन्ही रंग निघून धातू चमकेपर्यंत घासा. बोल्ट घट्ट आवळा आणि व्हॅसलिन त्यानंतर वरून लावा.

नाशिकहून

झालं. बोल्ट हातानेच फिरला, इतका सैल होता. आधी 0.6, आता 0.1. मुलाने सेल्फ मारला, मी मीटर धरला.