इंटरसेप्टरला अलॉय टाकतोय, फिनिश क्रोम घेऊ की पॉलिश? (नेरूळ, पार्किंग उघडं)

नेरूळचा_बाळ्या
मंडळी, रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० आहे, मार्क टू, म्हणजे क्रोमच्या टाकीवाली. स्पोक व्हील असल्यामुळे ट्यूब आली, आणि ठाणे-बेलापूर रोडला रात्री पंक्चर झालं की काय हाल होतात ते ज्याचं त्यालाच माहीत, पूर्ण चाक खोलल्याशिवाय काही होत नाही आणि त्या वेळेला पंक्चरवाला उघडा सापडला तर नशीब. म्हणून ट्यूबलेस बिलेट अलॉय (अख्ख्या ठोकळ्यातून कापून काढलेली चाकं) करून घेतोय, ६०६१ ॲल्युमिनियमचे, साइज आहे तीच, पुढे मागे १८. आता बनवणारा विचारतोय फिनिश काय देऊ, क्रोम की नुसतं पॉलिश. क्रोमचे पैसे बरेच जास्त सांगतोय. मला मनातून क्रोमच हवंय, टाकी क्रोम सायलेन्सर क्रोम, सगळं एका रंगात येईल. बायको म्हणते वरातीचा घोडा दिसेल, ते सोडा. प्रश्न असा की सोसायटी पामबीचच्या अगदी बाजूला, खाडी समोर, गाडी उघड्यावर, आणि पावसाळ्यातही रोज महापेला ऑफिसला जाते. काय टिकेल? आणि पॉलिश घेतलं तर वर लॅकर (पारदर्शक कोट) मारू का?

वागळे_बफिंग
माझा वागळे इस्टेटला बफिंगचाच (मशीनवर धातू घासून चमकवायचा) धंदा आहे, तेव्हा मी पॉलिशची बाजू घेणार हे धरूनच वाचा.

क्रोम म्हणजे एक थर नसतो. ॲल्युमिनियमवर आधी झिंकेट (जस्ताचा पातळ थर), मग तांबं, मग निकेल आणि सगळ्यात शेवटी क्रोम, आणि हा शेवटचा थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो. चमक दिसते ती खालच्या निकेलची आणि त्याच्याही खालच्या बफिंगची. क्रोम त्याला काळं पडू देत नाही, आणि तो निळसर झाक देतो, बस. म्हणजे क्रोम करायचं तरी आधी माझ्यासारख्याकडून पॉलिश करूनच घ्यावं लागतं, पैसे जास्त का ते कळलं असेल.

आता या थराला बारीक छिद्रं आणि भेगा असतात, डोळ्याला दिसत नाहीत. खाडीची खारी दमट हवा आणि पावसाचं पाणी तिथून आत जातं. निकेल आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना चिकटून असले की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. खाली पांढरी पूड धरते, वर फुगा येतो, नख लावलं की पापुद्रा निघतो आणि त्याची कड ब्लेडसारखी असते, पुसताना बोट कापतं. तेवढाच भाग परत करून मिळत नाही हो, पूर्ण चाक स्ट्रिप करा, परत बफ करा, परत प्लेटिंग. पॉलिश चाक मंद पडतं, पण ते तुम्ही घरी बसून मेटल पॉलिशने परत आणू शकता.

अजून एक. घोडबंदरच्या खड्ड्यात रिम वाकली आणि सरळ करायला दिली तर क्रोम तडकणारच. पॉलिश चाकाला परत बफ मारला की झालं. अर्थात जास्त वाकलं असेल आणि कुणी गॅसने तापवून सरळ करतो म्हणाला तर त्याला चाक देऊच नका, धातू कडक करणारं टी-६ चं हीट ट्रीटमेंट जातं, मऊ पडतं.

कोपरखैरणे_क्रोमवाला
बफिंगवाल्या भाऊंचं केमिस्ट्रीचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट सोयीने गाळली. उघडं पॉलिश ॲल्युमिनियम जुलैमध्ये आठवडाभरात राखाडी होतं. रोज महापेला जाणारा माणूस भर पावसात दर रविवारी चाक घासणार आहे का? पहिला महिना घासेल, मग गणपती येतील, मग काय?? माझ्याकडे क्रोम आहे, खाडी मलाही लांब नाही. साधं पाणी, कोरडं फडकं, महिन्याकाठी वॅक्स, संपलं. क्रोम सुटतं ते स्वस्तातलं. प्लेटिंगवाल्याला आधी विचारायचं निकेल किती मायक्रॉन देणार, २५-३० च्या खाली असेल तर उठून यायचं. नुसती चमक मारून देणारे खूप बसलेत.

वागळे_बफिंग
रविवारचा मुद्दा मान्य 😄 पण मायक्रॉन विचारल्यावर सगळेच तीस म्हणतात दादा, मोजायला मीटर कुणाकडे आहे?

ऐरोली_ते_ऑफिस
लॅकर नको. खडी उडून बारीक टवका गेला की पाणी लॅकरच्या आत शिरतं आणि आतल्या आत पांढरे दोरे पसरत जातात, मग वरून कितीही पॉलिश घासा, हात पोचतच नाही, आधी सगळं लॅकर उतरवावं लागतं. त्यापेक्षा उघडं ठेव आणि वॅक्स लाव, सिरॅमिक कोटिंगवाले काय वाट्टेल ते सांगतात, त्याने फक्त मंद पडायला वेळ लागतो.

आणि माझं म्हणणं, फिनिश नंतर ठरव, आधी डिझाइन बघ. मागच्या चाकाला चेन लूब आणि चिखल मिळून जे काळं डिंकासारखं चिकटतं ते स्पोकच्या आतल्या बाजूला, हबच्या जवळ. तिथे तुझी दोन बोटं आणि फडकं जातंय का बघ. जात असेल तर पॉलिश घे बिनधास्त. बारीक बारीक जाळीचं डिझाइन असेल तर पॉलिशचा विचारही करू नको, बाहेरून आरसा आणि आतून कढई होईल.

वॉशिंग सेंटरला पण सांगून ठेव. ते चाकावर जे लिक्विड मारतात ते बऱ्याचदा कॉस्टिक नाहीतर ॲसिडवालं असतं, उघड्या ॲल्युमिनियमवर पडलं की दोन मिनिटांत पांढरट डाग. शॅम्पू आणि पाणी, बाकी काही नाही.

कासारवडवली_६५०
रंगाचं कुणीच बोललं नाही. क्रोम निळसर, पॉलिश ॲल्युमिनियम पांढरट. तुझ्या गाडीला दोन्ही आहे, टाकी-सायलेन्सर क्रोम आणि इंजिनाची कव्हरं पॉलिश ॲल्युमिनियम. चाक इंजिनाच्या कव्हरला मॅच केलंस तर उलट जास्त ओरिजिनल वाटेल. सगळंच क्रोम केलं की नजर कुठे ठरत नाही, वहिनींचं बरोबर आहे.

बाकी एबीएस रिंग (ब्रेकच्या एबीएसचा सेन्सर जिच्यावरून चाकाचा वेग मोजतो ती) आणि डिस्कचं ऑफसेट, म्हणजे ती किती आत-बाहेर बसते ते, आधी तपास, सेन्सरचा गॅप चुकला की लाइट पेटून राहील. लोड टेस्टचे कागद माग. इन्शुरन्सला लेखी कळव, मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांवरचं कलम ५२ आहे आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेरच्या बदलांवर बोट ठेवलंय, साइज तीच ठेवतोयस ते चांगलं केलंस.

नेरूळचा_बाळ्या
सगळ्यांचे आभार. बनवणाऱ्याकडे जाऊन सँपल बघून आलो, सात जाड स्पोकचं एक आहे त्यात अख्खा हात जातो. पॉलिश घेतोय, लॅकर नाही. क्रोमवाले दादा, पावसाळ्यात मंद दिसलं तर दिसू दे, दसऱ्याला एकदाच बसून घासेन. बफिंगवाले काका, बफ मारायला देताना काही सांगायचं का त्याला?

वागळे_बफिंग
हो. तीन जागांना बफ लावू देऊ नका, बेअरिंग बसतं ती जागा, डिस्क बसते तो फेस आणि टायरचा बीड (टायरची आतली कड) बसतो ती रिमची कड. पहिल्या दोन ठिकाणी माप बिघडतं, बीडवर लाट आली तर ट्यूबलेसमधून हळूहळू हवा जाते आणि मग सगळे व्हॉल्व्ह बदलत बसतात. मशीनिंग झाल्यावर तिथे टेप मारूनच बफला पाठवायला सांगा. आणि बॅलन्सिंग बफनंतर, आधी नाही.