मोशीचा फ्लॅट: भाडेकरू हलत नाही, हप्ता झेपत नाही. विकून टाकू का?

गोदाकाठ:
जरा लवकर सांगा, रविवारी एजंट येणार आहे. पुण्याजवळ मोशीला टू बीएचके आहे, गुंतवणूक म्हणून घेतला होता. हप्ता २८ हजार, भाडं १४. उरलेले १४ दर महिन्याला पगारातून घालतो आणि आता मुलीच्या क्लासची फी सुरू झाली. त्यात भाडेकरूने नोव्हेंबरपासून एक पैसा दिलेला नाही. करार संपला तरी घर सोडत नाही. एजंटकडे ५२ लाखांचं गिऱ्हाईक आहे, पण त्याला घर रिकामं हवं. भाडेकरूला बाहेर कसा काढू आणि विकल्यावर कर किती बसेल, एवढंच हवंय.

मृण्मयी_द:
कधी घेतला? केवढ्याला? कर्ज किती बाकी आहे? आणि करार नोंदवलेला आहे की नुसती नोटरी? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सांगवीकर:
मीटर तुमच्याच नावावर असेल ना? वीज तोडा, दोन दिवसांत जातो. मी २०११ साली हेच केलं, पोलीस नाहीत की कोर्ट नाही.

कोर्टाची_पायरी:
गोदाकाठ, कृपा करून हे ऐकू नका. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९. घरमालकाने वीजपाणी तोडणं हा गुन्हा आहे. आज तुम्ही फिर्यादी आहात, वीज तोडलीत की उद्या आरोपी व्हाल. करार नोंदवलेला असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदत संपल्यानंतर राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं.

गोदाकाठ:
नोटरी आहे. एजंटनेच स्टॅम्पपेपरवर करून दिला, अकरा महिन्यांचा. सगळे तसंच करतात. २०१८ ला घेतला, सगळं धरून ४० लाख पडले. कर्ज ३२ चं होतं. पण मी कर्जाबद्दल विचारतच नाहीये.

कोर्टाची_पायरी:
इथेच अडलं. अकरा महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स (घर भाड्याने देण्याचा) करार नोंदवावाच लागतो आणि कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, तोही मालकालाच. तुमच्या भाड्याला मुद्रांक शुल्क चारशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. एवढ्यासाठी नोटरी करून देणाऱ्या एजंटांचा मला खरोखर राग येतो.

इंदूर_मराठी:
फ्लॅट एप्रिल २०२१ नंतर वहिनींच्या नावावर घेतला असता तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचला असता. महाराष्ट्रात ती सवलत आहे.

सांगवीकर:
कायदा पुस्तकात ठीक आहे हो. कोर्टात पाच वर्षं गेली की हप्ता कोण भरणार? आणि माझं ऐकाल तर फ्लॅटच नको, तळेगावच्या बाजूला एनए (बिगरशेती) प्लॉट घ्या. भाडेकरू नाही, मेंटेनन्स नाही.

मृण्मयी_द:
प्लॉटचा धागा वेगळा काढा ना. गोदाकाठ, कराचं सांगते. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांना दोन्ही हिशोब करून कमी येईल तो कर भरता येतो. साधा हिशोब: ५२ वजा ४० म्हणजे १२ लाख नफा, त्यावर साडेबारा टक्के, दीड लाख. आता इंडेक्सेशन लावून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून बघा. २०१८-१९ चा निर्देशांक २८०, २०२५-२६ चा ३७६. चाळीस लाखांची खरेदी ५३ लाख ७० हजारांच्या पुढे जाते, म्हणजे मार्चअखेरपर्यंत विकलंत तर कर शून्य. वरच्या फरकाचा तोटा मात्र दाखवता येत नाही.

गोदाकाठ:
हे फार मोलाचं सांगितलंत. एजंटने दीड लाखच सांगितला होता.

कोथरूडचा_काका:
मला विकण्याचीच घाई पटत नाही. मी बँकेतून निवृत्त झालो. व्याजदर किती आहे? किती हप्ते राहिले?

गोदाकाठ:
काका, दर बघावा लागेल. हप्ता पहिल्यापासून २८ च आहे, म्हणून कधी बघितलं नाही.

गोदाकाठ:
ॲप उघडलं. ९.४ टक्के. बाकी साडेसव्वीस लाख, हप्ते १७३. हे कसं? वीस वर्षांचं कर्ज २०३८ ला संपायला हवं.

कोथरूडचा_काका:
दर वाढले तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. तुमचं कर्ज अजून एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या जुन्या दरावर आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या दराशी जोडलेली असतात. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, तुमच्यापर्यंत तो पुरता पोचलाच नाही. शाखेत जाऊन रेपोवर बदलून मागा, थोडं शुल्क पडेल. समजा ७.९ झाला आणि हप्ता २८ हजारच ठेवला, तर १७३ ऐवजी १४९ हप्ते. दोन वर्षं, पावणेसात लाखांच्या आसपास वाचतात. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवा, फ्लोटिंगला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. अहो, माझ्या काउंटरवर अशी माणसं दहा-दहा वर्षांनी यायची, फार वाईट वाटायचं.

जर्सीचा_जयंत:
आमच्या सोसायटीने भाडेकरू ठेवला म्हणून महिना दोन हजार जादा लावलेत. हे बरोबर आहे का? पुण्यातलाच फ्लॅट आहे.

मृण्मयी_द:
जयंत, मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. बिलात सेवाशुल्क किती ते बघा आणि लेखी विचारा. गोदाकाठ, तुम्ही आयकराचं रिटर्न जुन्या पद्धतीने भरता की नव्या? नव्यात भाड्याहून जास्त गेलेलं व्याज पगारातून वजा होत नाही. जुन्यात वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा वजा होतो.

गोदाकाठ:
नवी. ऑफिसने तीच धरली.

मृण्मयी_द:
मग रिटर्न भरण्याआधी दोन्हीकडचा आकडा काढा. तुमचं व्याजच अडीच लाखांच्या घरात आहे.

सांगवीकर:
एवढं करूनही दर महिन्याला खिशातून जाणारच. गोदाकाठ आजच्या आज मोकळा होऊ शकतो, त्याला का अडकवताय?

कोथरूडचा_काका:
अडकवत नाही. विकायचं तर विकू दे, पण भाडेकरूच्या भीतीने एजंटच्या भावात नको.

कोर्टाची_पायरी:
भाडेकरू काय म्हणतो? त्याच्याशी बोललात का कधी, की एजंटच निरोप आणतो?

गोदाकाठ:
एजंटच. मी नाशिकला असतो.

गोदाकाठ (नऊ दिवसांनी):
शनिवारी मोशीला जाऊन आलो. त्याची नोकरी ऑक्टोबरमध्ये गेली होती, आता चाकणला लागलाय. एजंटने मला यातलं काहीही सांगितलं नव्हतं. ५० हजार डिपॉझिटमधून तीन महिन्यांचं भाडं वळतं करायचं आणि ३१ मार्चला घर सोडायचं, असं ठरलं. कोर्टाची_पायरींनी सांगितलं तसा दोन महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवला, दोघांचे अंगठे झाले. बँकेत रेपोचा अर्ज दिला, ८.१ मिळतोय. रविवारच्या गिऱ्हाइकाला नकार कळवला. काका, ८.१ घेऊ की दुसरीकडे विचारू?

कोथरूडचा_काका:
आधी ८.१ लेखी घ्या. ते पत्र घेऊन दुसऱ्या दोन बँकांत जा.