महादजी शिंद्यांचा चेहरा कोणता मानायचा?

वानवडीकर:
मुलीच्या शाळेत महादजी शिंद्यांचं चित्र लावायचं ठरलं. आलं ते आजच्या चित्रकाराचं: पीळदार दंड, उधळलेला घोडा, उपसलेली तलवार. मी सुचवलं, जेम्स वेल्सचं लावा. हा स्कॉटिश चित्रकार 1791 साली मुंबईत उतरला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आला. त्याच 1792 मध्ये पाटीलबावाही, म्हणजे महादजी, बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकची (बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीची) वस्त्रं घेऊन पुण्यात आले होते. त्या काळात पुण्यात असलेल्या माणसाचं चित्र हाताशी असताना कल्पनेतलं का लावायचं?

रंगरेषा:
मला हे पटत नाही. वेल्सला दरबाराचे दरवाजे उघडले ते पेशवे दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट (वकील) चार्ल्स मॅलेट याच्यामुळे. पुढे मॅलेट वेल्सचा जावईही झाला. इंग्रज-पेशवे यांच्या 1790 च्या तहाचं जे भव्य दरबारचित्र आहे, त्याची तयारी वेल्सची आणि पूर्णत्व थॉमस डॅनियलचं, 1805 मध्ये. ते मॅलेटचं यश मिरवण्यासाठीच आहे, आपले लोक त्यात भोवती बसलेत. वडगावला ज्यांच्यापुढे इंग्रज फौजेला नमावं लागलं, ज्यांच्या मध्यस्थीने 1782 चा सालबाईचा तह झाला, त्यांचा चेहरा मी इंग्रजांच्या पदरच्या कुंचल्याकडून का घ्यावा?

वानवडीकर:
मग नानांचं काय कराल? सवाई माधवरावांबरोबरचं त्यांचं चित्र वेल्सचंच, सध्या लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. नाना फडणीस म्हटलं की आपल्याला तोच चेहरा आठवतो. शिवाय पुण्याचा गंगाराम तांबट वेल्सच्या हाताखाली तयार झाला, त्याने वेरूळची लेणी चितारली. हे सगळं परकं म्हणून टाकून द्यायचं?

रंगरेषा:
टाकून द्या असं मी म्हटलेलं नाही. चित्राखाली कोणी, कोणाच्या आश्रयाने काढलं ते लिहा, मग लावा. नुसतं 'हेच खरे महादजी' म्हणू नका.

बारगीर:
तुम्ही दोघंही पाय विसरताय. 1761 ला पानिपतावरून पळताना पाठलाग करणाऱ्या पठाणाने महादजींचा पाय जायबंदी केला. राणेखान भिस्त्याने (पाणक्याने) त्यांना वाचवलं, आणि महादजींनी त्याला जन्मभर भावासारखं वागवलं. पुढची तेहतीस वर्षं हा माणूस लंगडत चालला. त्याच पायावर त्यांनी उत्तर हिंदुस्थानात मराठी सत्ता पुन्हा उभी केली, 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराच्या तावडीतून दिल्ली सोडवली. घोड्यावरच्या चित्रात हे कुठे दिसतं? मला तलवारीपेक्षा तो पाय महत्त्वाचा वाटतो. शाळेत पोरांना तो दिसला पाहिजे.

वानवडीकर:
बारगीर, हे मला सुचलं नव्हतं. पण पाय दाखवायचा तर तेही कल्पनेनेच काढावं लागेल ना?

बारगीर:
काढावंच लागेल. 1794 च्या फेब्रुवारीत ते वानवडीलाच वारले, त्यांची समाधी, शिंदे छत्री, तुमच्या शेजारी आहे. मुलांना आधी तिथे न्या, राणेखानाची गोष्ट सांगा आणि चित्र त्यांनाच काढू द्या. वेल्सचं बाजूला लावा.

रंगरेषा:
खालच्या ओळीसकट.