मदत हवी आहे: धाप का लागते, हे चुन्याच्या निवळीने कसं दाखवायचं?

नमस्कार. आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. नववीतल्या भाचीचं विज्ञान प्रदर्शन पुढच्या शनिवारी आहे. बाटली, फुगे आणि रबराच्या श्वासपटलाचं मॉडेल छान चालतंय, त्याबद्दल प्रश्न नाही.

अडलंय ते पुढे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की लंबमज्जेतलं (मेंदूच्या तळाचा भाग) केंद्र श्वासाचा वेग वाढवतं, हे तिला प्रयोगातूनच दाखवायचंय. कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते, म्हणून जांभळी नाक्यावरून चुना आणून निवळी केली. शांत बसून आणि 5 मजले चढून आल्यावर तिने स्ट्रॉने फुंकलं. दुसऱ्या वेळी निवळी लवकर दुधाळ झाली. पण धापा टाकताना हवाच जास्त जाते, ही शंका तिलाच आली (मला फार कौतुक वाटलं). म्हणून दोन्ही वेळचा उच्छ्वास सारख्याच आकाराच्या फुग्यांत भरून हळूहळू सोडला, तर वेळेत जवळपास फरकच नाही! बिचारीचा चेहरा पडला. निवळी दरवेळी ताजी, गाळलेली, 20 मिली होती.

मला वाटतं, प्रयोग चुकलेला नाही. श्वास वाढतो म्हणूनच उच्छ्वासातलं प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास राहतं. वाढतो तो मिनिटाभरात बाहेर पडणारा एकूण वायू.

श्वास रोखून धरायचे प्रयोग नकोत, सेन्सर परवडणार नाही. मग मिनिटाभराचा हा एकूण कार्बन डायऑक्साइड घरच्या सामानात कसा मोजायचा?