रादकानचा मनोरा : मकबरा, वेधशाळा की दोखमा?

प्रश्न – नदीकाठचा वाचक

इराणच्या उत्तरेस, कोर्दकुय शहराच्या दक्षिणेकडील डोंगरांत, नेका नदीच्या वरच्या खोऱ्यात रादकान नावाचे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर भाजक्या विटांचा एक उंच गोल मनोरा उभा आहे आणि त्याला निमुळते, शंकूसारखे छप्पर आहे. या मनोऱ्याविषयी वाचताना मला तीन निरनिराळी विधाने आढळली. तो एका सरदाराचा मकबरा आहे असे काही जण म्हणतात; काहींच्या मते ती सूर्याच्या उगवतीवरून ऋतू ओळखण्यासाठी बांधलेली वेधशाळा आहे; तर त्यावर पहलवी, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या लिपीतला लेख असल्यामुळे तो मूळचा पारशांचा दोखमा (मृतदेह ठेवण्याची जागा) असावा, असेही एका ठिकाणी म्हटले आहे. यांपैकी कशाला आधार आहे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर – शिलालेखवेडा

आपण वाचलेल्या विधानांतला वेधशाळेचा मुद्दा आधी बाजूला काढतो, कारण तो दुसऱ्याच इमारतीचा आहे. इराणमध्ये रादकान नावाची दोन गावे आहेत आणि दोन्हीकडे मनोरे आहेत. पूर्वेकडचे रादकान खोरासानमध्ये, मशहदच्या वायव्येस चेनारान भागात आहे. सेल्जुक वजीर निजाम-उल-मुल्क याचा जन्म तिथलाच. तिथला मनोरा सपाटीवर आहे, बराच नंतरचा, साधारणपणे तेराव्या शतकातला मानला जातो, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर अर्धगोल खांबांची सलग रांग आहे. त्याची दारे आणि झरोके सूर्याच्या उगवतीच्या दिशांना जुळतात, असा दावा त्या मनोऱ्याबद्दल केला गेला आहे आणि त्याला नसीरुद्दीन तुसी या ज्योतिर्विदाचे नाव जोडले जाते. तो दावा खरा असो वा नसो, नदीकाठच्या या डोंगराळ रादकानशी त्याचा काही संबंध नाही. नामसाधर्म्यामुळे दोन्हींची माहिती एकत्र मिसळून पुढे पसरत राहते.

आपण विचारलेल्या पश्चिमेकडच्या मनोऱ्याबद्दल मात्र तर्क करण्याची गरजच पडत नाही, कारण बांधणाऱ्याने आपले नाव आणि साल इमारतीवरच लिहून ठेवले आहे. इस्पहबद (म्हणजे सेनापती) अबू जाफर मुहंमद इब्न वंदरीन, या डोंगराळ भागातले बावंद घराणे, असे त्याचे नाव आहे. काम हिजरी 407 मध्ये, म्हणजे इसवी सन 1016 च्या सुमारास सुरू झाले आणि हिजरी 411 मध्ये पुरे झाले. म्हणजे या सरदाराने आपला मकबरा आपल्या हयातीतच उभारला. मनोऱ्याची उंची सुमारे 35 मीटर आहे. भिंत जवळजवळ कोरी ठेवलेली असून सारी सजावट दारावरच्या लेखात आणि छपराच्या लगेच खाली फिरणाऱ्या पट्ट्यात एकवटली आहे. त्या पट्ट्यात कुफी, म्हणजे कोनदार वळणाच्या लिपीतली अरबी आहे आणि तिच्या जोडीला पहलवीही आहे. माझ्या मते या इमारतीचे खरे मोल तिच्या उंचीत नसून त्या पट्ट्यात आहे.

हा मनोरा एकटाही नाही. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत याच काळातले आणखी दोन मनोरे आहेत, लाजीम आणि रेस्गेत येथे, आणि त्या दोन्हींवर अशाच दोन लिप्या आहेत. लाजीमचा मनोरा हिजरी 413 चा असून तो शहरियार इब्न अब्बास या सरदारासाठी त्याच्या आईने, चेहराजादने, बांधवला, असे त्यावरच्या लेखात म्हटले आहे. मोठ्या मनोऱ्यांबद्दल लिहिताना लोक गुंबद-ए-काबूसपाशी, म्हणजे याच भागातल्या काबूस राजाच्या उंच मकबऱ्यापाशी थांबतात आणि हे लहान भाऊबंद दुर्लक्षित राहतात, याची मला खंत वाटते.

उत्तर – नवरोज

दोखम्याच्या मुद्द्यावर थोडे लिहितो. मुंबईत मलबार हिलवरच्या डोंगरवाडीचे वर्णन ज्यांनी वाचले आहे, त्यांना फरक लगेच कळेल. दोखमा म्हणजे आकाशाला उघडा असलेला दगडी गोल कट्टा. त्यावर तीन वर्तुळाकार ओळी असतात, बाहेरची पुरुषांसाठी, मधली स्त्रियांसाठी, आतली मुलांसाठी, आणि मधोमध अस्थी टाकण्याची विहीर असते. ऊन आणि गिधाडे आतपर्यंत पोहोचली पाहिजेत, हीच त्या रचनेमागची गरज आहे. रादकानचा मनोरा नेमका याच्या उलट आहे : अरुंद, उंच आणि वरून पूर्ण बंद. पहलवी अक्षरे दिसली म्हणून इमारत जरथुष्ट्री ठरत नाही. लाजीमच्या लेखात तर तिथल्या सरदाराला खलिफाचा निष्ठावंत म्हटले आहे.

जुन्या इराणची आठवण मात्र या भागात खरोखर टिकून होती. गुंबद-ए-काबूसच्या लेखात हिजरी 397 या चांद्र वर्षाबरोबर 375 हे सौर वर्षही दिले आहे, आणि ते यज्दगर्दी शकाशी जुळते. इस्लामपूर्व इराणच्या सासानी घराण्याचा शेवटचा राजा यज्दगर्द 632 मध्ये गादीवर आला, तेव्हापासून मोजला जाणारा हा शक मुंबई-पुण्याचे पारशी आजही वापरतात. अल् बिरूनी या ज्योतिर्विदाने कालगणनेवरचा आपला ग्रंथ याच काबूसला अर्पण केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुहेरी तारखेचे नवल वाटत नाही.

पुरवणी प्रश्न – नदीकाठचा वाचक

दोघांचेही आभार. एक शंका उरते. सासानी सत्ता जाऊन साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली असताना, मुसलमान सरदाराने पहलवी लेख कोणासाठी कोरवला? आपल्याकडे दख्खनमध्ये फारसी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतले शिलालेख आढळतात, परंतु तिथे अंमलदार आणि रयत असे दोन निरनिराळे वाचक समोर असत.

उत्तर – शिलालेखवेडा

आपली तुलना नेमकी आहे आणि फरकही तिथेच आहे. दख्खनच्या लेखातली मराठी गावाने ऐकावी, समजून घ्यावी म्हणून कोरलेली असे. इनामाची अट किंवा कराची माफी सर्वांना कळणे आवश्यक होते. रादकानची पहलवी टेकडीवरच्या मनोऱ्याच्या माथ्याजवळ आहे, आणि त्या काळात ती लिपी वाचणारे लोक, मुख्यतः जरथुष्ट्री पुरोहित, मोजकेच उरले होते. बावंद घराणे आपली वंशावळ सासानी राजकुळाशी जोडत असे. नवव्या शतकात त्यांनी इस्लाम स्वीकारला, तरी इस्पहबद ही जुनी पदवी सोडली नाही. म्हणून मी असे समजतो की ती अक्षरे माहिती देण्यासाठी नसून कुळाचा दावा सांगण्यासाठी होती, आणि ती कोणाला वाचता आली नाहीत तरी दिसणे पुरेसे होते.

ती वाचणे आजही अवघडच आहे. ग्रंथांतल्या वळणदार पहलवीत व, न आणि र यांना एकच चिन्ह आहे, तर द आणि य ही अक्षरेही एकमेकांसारखीच दिसतात. वंदरीन हे नाव व-न-द-र-य-न असे लिहायचे झाले, तर सहा अक्षरांत अवघी दोन चिन्हे आलटून पालटून येतील. अशा नावाचा उलगडा पहलवीवरून करणे जवळजवळ अशक्य आहे. ते ठरवायला शेजारची अरबीच आधाराला घ्यावी लागते. म्हणून या मनोऱ्यांची छायाचित्रे पाहताना फक्त पहलवीचा तुकडा टिपलेला असेल, तर त्याखाली लिहिलेले वाचन स्वीकारण्याआधी कुफी पट्ट्याचे छायाचित्रही मागून घ्यावे.