अनुभव धागा: घरातला पसारा, आणि तो नक्की कुणाचा?

घर आवरायचं म्हटलं की चर्चा कप्पे, खोके आणि लेबलांवर जाते. माझ्या मते सामान काढणं ही नुसती अंगमेहनत. चार माणसांच्या घरात गाडी अडते ती 'टाकायचं हे ठरवणार कोण?' इथे. तेव्हा काय काढलंत, कुठे अडलात, कोण रुसलं आणि रोजचा रगाडा खरंच कमी झाला का, ते लिहा. 'एका रविवारात घर चकाचक' छापाच्या युक्त्या नकोत, त्या सगळ्यांच्या वाचून झाल्यात.

वायरींचा वारसदार
बाबा गेल्यावर आम्ही भावंडांनी घर रिकामं केलं. मोठं फर्निचर पटापट मार्गी लागलं, कारण ते कुणालाच नको होतं. अडलो ते टेबलाच्या खालच्या खणापाशी. प्रत्येक वायर नीट गुंडाळून रबर लावलेली, वर चिकटपट्टीचा तुकडा आणि बाबांच्या टपोऱ्या अक्षरात नाव: 'टेपचा', 'जुन्या फोनचा', एकावर नुसतंच 'कशाचा?'. रबरं कडक होऊन हात लावताच तुटत होती. ताई म्हणाली, यातलं काही टाकायचं नाही. धाकटा म्हणाला, मग तुझ्या घरी ने. ती गप्प! (हा प्रश्न फार कामाचा आहे. जीव खरंच अडकला असेल तर माणूस पिशवी घेऊन येतो.) ताईने 'कशाचा?' तेवढा नेला, बाकी सगळं ई-कचऱ्यात गेलं.

फोटो मुद्दाम शेवटी घेतले, नाहीतर अजून तिथेच बसलो असतो. चिकट पानांच्या अल्बममधला गोंद पिवळा पडून फोटोंना धरून बसला होता. असे फोटो ओढायचे नाहीत, फाटतात. दातांत फिरवायचा पातळ दोरा फोटोखालून हळूहळू सरकवला की बरेचसे सुटतात. हट्टी असतील ते पानासकट स्कॅन करायचे. लहान फोटो ६०० डीपीआयवर (स्कॅनची बारकाई) घ्या, मोठे करून छापता येतात. मागे काही लिहिलं असेल तर तीही बाजू घ्या. फोटोतली माणसं कोण, हे बऱ्याचदा फक्त तिथेच सापडतं.

पावतीबहाद्दर
आमच्याकडे फाईलींचा डोंगर. उघडून बघितलं तर निम्म्या पावत्या कोऱ्या! थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होऊन अक्षरं उमटतात आणि काही वर्षांत उडून जातात. आता पावती हातात आली की लगेच फोटो. घराची कागदपत्रं आणि जन्म-मृत्यूचे दाखले मात्र मूळ प्रतीतच ठेवलेत, त्यांना कुणी हात लावायचा नाही.

उलट्या बाजूने
सगळे टाकणाऱ्यांच्या बाजूने लिहिताहेत म्हणून. मी बाहेरगावी असताना माझ्या कॉलेजच्या वह्या घरच्यांनी 'आवरल्या'. त्यात मी काढलेली चित्रं होती. घर मोकळं दिसतं म्हणून सगळे खूश, मी सोडून. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावणं याला मी साधेपणा म्हणत नाही.

आकडेमोड्या
वर ताईंचं जे झालं त्याला नाव आहे: एंडाउमेंट इफेक्ट, म्हणजे वस्तू आपली झाली की ती जास्त मोलाची वाटणं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये ते वापरलं. पुढे १९९० मध्ये कानेमन, नेच आणि थेलर यांनी प्रयोग छापला. काहींना कॉफीचे मग दिले, काहींना नाही. ज्यांना मग मिळाला ते तो विकायला जी किंमत मागत होते, ती बाकीचे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. तोच मग, फक्त 'माझा' झालेला. म्हणून मी 'हे टाकू का?' असं विचारतच नाही. 'आज दुकानात दिसलं तर विकत घेईन का?' असं विचारतो. कपड्यांना छान लागू पडतं, आईच्या पत्रांना अजिबात नाही.

काकांची पुतणी
सरसकट हसण्यावारी नेऊ नका, एवढंच. आमच्या काकांना रिकामी बाटलीसुद्धा टाकवत नाही, कुणी उचलली तर अंगाला कापरं भरतं. हा आळस नव्हे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांची अमेरिकन सूची) होर्डिंग डिसऑर्डर, म्हणजे वस्तू साठवत राहणं, हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला आहे. चुलतभावाने एकदा ते नसताना खोली साफ केली. वस्तू पुन्हा जमल्याच, शिवाय त्यांनी दाराला कुलूप घातलं. आता समुपदेशन चालू आहे, वेग गोगलगायीचा. पण चालायची वाट मोकळी ठेवायला ते स्वतःहून कबूल झालेत.

खोकेवाली
आवरण्यासाठी खोके आणले. आता माळ्यावर रिकामे खोके आहेत.

दुपारची झोप
खेळण्यांबद्दल: देऊन टाकण्याआधी सेल काढा. बटण सेल गिळले गेले तर लहान मुलांच्या जिवावर बेततं. जुन्या फोनची बॅटरी फुगली असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. फोन चालू होत असेल तर देण्याआधी खात्यांमधून बाहेर पडून सगळं पुसा. बाकी रगाड्याचं म्हणाल तर झाडलोट लवकर उरकते, पण 'माझं ते कुठे ठेवलंस?' हे अजून रोज ऐकावं लागतं.