हळद-बेसन चोळू नका
लेकराच्या एक्झिमावर (कातडी कोरडी पडून खाजते, चिरते तो त्रास) उपाय विचारलाय, त्यावर वर कुणीतरी हळद-बेसन चोळायला सांगितलंय, ते कृपया नको. चिरलेल्या कातडीला झोंबतं, घासल्याने खाज आणखी भडकते. आमच्या धाकटीला कोपरांच्या आत, गुडघ्यांमागे असंच होतं. पुण्याची कोरडी थंडी सुरू झाली की हैराण, त्यात सोसायटीत बोअरचं जड पाणी! कोमट पाण्याने ५-१० मिनिटांत आंघोळ, टॉवेलने नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं जाड मॉइश्चरायझर, हात आखडता न घेता. रात्री परत एकदा. स्वेटरच्या आत सुती बनियन हवाच. डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइड मलमाला उगाच घाबरू नका, पण मनाने वाढवूही नका. पिवळी खपली, पू, पाण्याचे फोड किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.